गोठ्याची आखणी आणि कर्णाचं माप

१२ जानेवारी २०२५, रविवार

गेल्या पावसाळ्यात जुन्या गोठ्याचा मागचा कूड बसला. तेव्हाच ठरलं होतं की हरभरा काढायच्या आत नवा गोठा उभा करायचा. आज जागा नक्की केली. विहिरीकडच्या शेताला लागून, लिंबाच्या पूर्वेला. माप २० फूट बाय ३० फूट. दोन म्हशी, एक गाय, वासरं आणि एका टोकाला कडब्याची जागा, एवढं त्यात नीट बसतं. चाळीसगाव तालुक्यात आमच्या भागात पाऊस कोकणासारखा नसला तरी पश्चिमेकडून तिरपा मारतो, म्हणून लांब बाजू पूर्व-पश्चिम धरली.

पहिलं माप मी आणि पुतणीने घेतलं. ती सातवीत आहे, यंदाच पायथागोरसचा सिद्धांत शिकली, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला तिच्याइतकं उत्साही माणूस घरात नाही. टेप जमिनीवर टाकला, ३० फुटांवर खुंटी ठोकली. नाना बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "उतारावर मोजलंस ते. घर सपाट बसणार आहे."

बरोबर होतं. पाण्याच्या नळीने बघितलं तर त्या ३० फुटांत जमीन २ फूट खाली गेलेली. म्हणजे टेप हा कर्ण झाला, ३० चा. उभी बाजू २. आडवी बाजू काढली: ९०० वजा ४, ८९६, त्याचं वर्गमूळ २९.९३. म्हणजे खरं आडवं अंतर २९ फूट सव्वाअकरा इंच, पाऊण इंच कमी. ऐकायला कमी वाटतं, पण पलीकडच्या बाजूला उतार वेगळा आहे, तिथे २ फुटांऐवजी १ फूटच आहे. तिथली चूक फक्त दीड सूत येते (इंचाचे आठ सूत). उतार निम्मा झाला की चूक निम्मी न होता पावपट होते, कारण हिशोबात उंचीचा वर्ग येतो. हे पुतणीच्या लक्षात माझ्या आधी आलं. म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजू जमिनीवर टेप टाकून "सारख्या" मोजल्या असत्या, तरी त्या सारख्या झाल्या नसत्या.

मग टेप आडवा ताणून धरला, खालच्या टोकाला ओळंबा सोडला आणि ओळंब्याच्या टोकाखाली खुंटी ठोकली. दहा-दहा फुटांचे तीन टप्पे केले, म्हणजे टेपला झोळ पडत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम बंद. पण परवा आखणी आहे, म्हणून कर्ण आधीच काढून ठेवायचा होता. २० चा वर्ग ४००, ३० चा ९००, बेरीज १३००. पुतणीने मोबाईल मागितला, मी दिला नाही. तिळगुळाच्या डब्याच्या झाकणावर खडूने केलं.

३६ चा वर्ग १२९६. राहिले ४. त्या चारला ३६ च्या दुपटीने, म्हणजे ७२ ने भागायचं: एक-अठरांश फूट. फुटाचे १२ इंच, म्हणजे १२ भागिले १८, दोन-तृतीयांश इंच. इंचाचे आठ सूत, म्हणजे पाच सूत आणि थोडं. कर्ण ३६ फूट ० इंच ५ सूत.

नंतर मोबाईलवर तपासलं. ३६.०५५५. आमचं ३६.०५५६ येत होतं. दहा हजारांश फुटाचा फरक सुतारालाही दिसणार नाही. जवळचा पूर्ण वर्ग शोधायचा, उरलेलं त्याच्या मुळाच्या दुपटीने भागायचं. शेतात उभं राहून वर्गमूळ काढायला याच्याइतकी सोपी रीत मला माहीत नाही. उरलेली संख्या मोठी असली की मात्र उत्तर जरा जास्त येतं, हे लक्षात ठेवायला हवं.

१६ जानेवारी, गुरुवार

मिस्त्री सकाळी सातला हजर. वय साठीच्या पुढे, हात अजून खात्रीचा. समोरची ३० फुटांची ओळ आधी बांधली. मग दोन्ही कोपऱ्यांवर गुण्या (काटकोन आखायचं लोखंडी हत्यार) लावून २० फुटांच्या बाजू मागे नेल्या, मागच्या खुंट्या ठोकल्या, दोरी फिरवली. बघायला चौकोन सुरेख दिसत होता.

मी म्हटलं, "मिस्त्री, क्रॉस घेऊ या का?" क्रॉस म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरपं माप, कर्ण.

"घ्या की भाऊ. क्रॉस घेतल्याशिवाय मी फक्की मारत नाही." फक्की म्हणजे आखणीच्या रेघा मारायची पांढरी पूड.

एक क्रॉस ३६ फूट २ इंच ५ सूत. दुसरा ३५ फूट १० इंच ५ सूत. चार इंचांचा फरक. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "बाजू बघा आधी."

हे त्यांचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. दोन कर्ण सारखे आले म्हणजे कोपरे काटकोनात आले, असं बरेच जण धरून चालतात. ते तेवढ्यावर खरं नाही. पुढची बाजू ३० आणि मागची २९ असली, दोन्हीकडून सारखी आत आलेली, तरी कर्ण सारखेच येतात. वहीत त्याला समद्विभुज समलंब चौकोन म्हणतात, जमिनीवर त्याला फसगत म्हणतात. आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या हव्यात, मग कर्ण. आमच्या बाजू चारही बरोबर होत्या. म्हणजे चौकोन नुसता एका बाजूला कलला होता, पत्त्याचा कॅट हाताने सरकवावा तसा.

किती सरकवायचं? मिस्त्री अंदाजाने खुंटी हलवून पुन्हा क्रॉस घेणार होते. तीन-चार फेऱ्यांत जमलं असतं. पण इथे गणित थेट उत्तर देतं. दोन्ही कर्णांच्या वर्गांतला फरक हा पुढची बाजू गुणिले सरकलेलं अंतर, त्याच्या चौपट असतो. आमच्या मापांनी ते अंतर आलं ०.२ फूट, म्हणजे २ इंच ३ सूत. मागच्या दोन्ही खुंट्या तेवढ्याच, एकाच दिशेला, लांब कर्ण आखडेल अशा बाजूला सरकवल्या. पुन्हा टेप. पहिला क्रॉस ३६ फूट ५ सूत. दुसरा ३६ फूट ५ सूत, कदाचित अर्धा सूत कमी. मिस्त्री टेपच्या आकड्यावर अंगठा ठेवून बराच वेळ बसून राहिले आणि मग फक्कीचं घमेलं मागितलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

कालचा कल आला कुठून, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. मिस्त्रींनाही नव्हतं. दोन फुटी लोखंडी गुण्या, वीस वर्षांचा. ओट्यावर फरशीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून पेन्सिलने उभी रेघ मारली. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारली. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकावर एक बसतात. बसल्या नाहीत. टोकाला अर्ध्या इंचाची फट. उलटवल्यामुळे चूक दुप्पट दिसते, म्हणजे गुण्या २ फुटांत २ सूत बाहेर. २० फुटांत त्याच्या दहापट, वीस सूत, म्हणजे अडीच इंच. काल आपण सरकवले २ इंच ३ सूत. हिशोब जुळला.

मिस्त्री म्हणाले, "मागच्या साली पडला होता गाडीवरून." गुण्या त्यांनी पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवला. मला वाईट वाटलं. हत्यार खोटं निघाल्याचं दुःख काम करणाऱ्यालाच कळतं.

मग दोरी केली. सुतळी ताणली की वाढते, म्हणून न ताणणारी नायलॉनची घेतली आणि गाठींऐवजी रंगाच्या खुणा केल्या, कारण गाठीची जाडीच दोन सूत असते. खुणा ९, १२ आणि १५ फुटांच्या. ३-४-५ सगळ्यांना ठाऊक आहे. पण ३-४-५ फुटांचा त्रिकोण आणि ९-१२-१५ चा त्रिकोण कागदावर एकच असले तरी मातीत एक नाहीत. तिरप्या मापात आपला हात एक सूत चुकणारच असं धरलं, तर ५ फुटांच्या कर्णावर त्या एका सुताने काढलेला काटकोन ३० फुटांवर जवळजवळ दीड इंच हुकतो. १५ फुटांच्या कर्णावर तेच एक सूत अर्ध्या इंचावर येतं. १८-२४-३० घेतला तर दोन सूत. आमच्या २० बाय ३० मध्ये १८-२४-३० बसतो! जागा देईल तेवढा मोठा त्रिकोण घ्यावा. गुण्या म्हणजे फक्त दोन फुटांचा त्रिकोण, विटेच्या कोपऱ्याला तो पुरतो, गोठ्याच्या कोपऱ्याला नाही.

२६ जानेवारी, रविवार

पाया भरून झाला, जोतं आलं, खांब उभे राहिले. मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं फार काही नव्हतं.

पुतणी झेंडावंदन करून आली आणि दोरी बघत म्हणाली, "काका, नऊ-बारा-पंधरा कुठेतरी वाचलंय." मला आठवलं. आमच्याच तालुक्यात, पाटणादेवीच्या परिसरात, पाटण इथे यादवकाळातला शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याला १२०७ मध्ये दान मिळाल्याची नोंद त्यात आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त मोर आणि सापाचं उदाहरण आहे. नऊ हात उंचीचा खांब, वर मोर. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप बिळापासून खांबाच्या तिप्पट, म्हणजे २७ हातांवरून बिळाकडे निघालेला. मोर तिरपी झेप घेतो, दोघांची चाल सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?

तिला समीकरण अजून येत नाही. तिने माती सारखी केली, काडीने खांब काढला आणि अंदाज करत गेली. बिळापासून १० वर धरलं तर सापाचे १७, मोराची झेप १०० अधिक ८१ चं मूळ, साडेतेराच्या आसपास. जमलं नाही. १२ धरलं: सापाचे २७ वजा १२, पंधरा. मोराची झेप १४४ अधिक ८१, २२५, म्हणजे पंधरा. "काका, ही तर आपलीच दोरी!"

त्या क्षणी मिस्त्री विटा भिजवत होते. त्यांनी विचारलं काय झालं, तर तिने त्यांना मोर, साप, खांब सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हात म्हणजे कोपरापासूनचा ना?"

अजून मागे गेलं तर बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखायची रीत आहे. शुल्ब म्हणजेच दोरी. त्यातलं विधान मला फार जवळचं वाटतं, कारण ते त्रिकोणाबद्दल बोलतच नाही. ते लांबट चौकोनाबद्दल बोलतं: त्याच्या कर्णाच्या दोरीवर जेवढं क्षेत्र उभं राहतं, तेवढंच त्याच्या लांबी आणि रुंदीवर वेगवेगळं मिळून उभं राहतं. पुढे लगेच ३-४, ५-१२, ८-१५, ७-२४, १२-३५ या जोड्या येतात. वेदी आखणाऱ्याला जे हवं तेच मिस्त्रीला हवं: चार खुंट्या, एक दोरी, आणि मधला क्रॉस.

८ फेब्रुवारी, शनिवार

पत्र्याचं गणित. इथे माझा बराच पैसा वाचला, म्हणून नीट लिहितो.

गोठा दुपाखी. रुंदी २०, म्हणजे आढ्यापासून एका बाजूला १० फूट. आढं खांबांच्या डोक्यापेक्षा ४ फूट वर, असं मनात होतं. वळचण दीड फूट हवी, नाहीतर तिरपा पाऊस गव्हाणीत येतो. तयार पत्रे मिळतात ८, १०, १२ फुटांचे. १० अधिक दीड, साडेअकरा. १२ चा पत्रा पुरतो, असं दुकानात कुणीही सांगेल, मला सांगितलंही.

पण साडेअकरा हे आडवं अंतर. पत्रा तिरपा बसतो. १० ला ४ चढ, तर साडेअकराला ४.६. साडेअकराचा वर्ग १३२.२५, ४.६ चा २१.१६, बेरीज १५३.४१, मूळ १२.३९. म्हणजे १२ फूट साडेचार इंचांहून जास्त. १२ चा पत्रा पुरत नाही. १२ च बसवला तर वळचण १ फूट पावणेदोन इंच राहते. वीस पत्रे आणून वर चढवल्यावर हे कळलं असतं.

मग उलट बाजूने विचार केला. पत्रा १२ चाच ठेवायचा, वळचण दीड फूटच ठेवायची, तर आढं किती वर असावं? १२ चा वर्ग १४४, त्यातून १३२.२५ गेले, उरले ११.७५, मूळ ३.४३. साडेअकराला ३.४३, म्हणजे १० ला जवळपास ३. आढं ३ फूट उंच! दहाला तीन हा उतार पत्र्याला आमच्या पावसात पुरेसा आहे. शिवाय वळचणीची कड खांबाच्या डोक्यापेक्षा साडेपाच इंचच खाली येते, म्हशी ये-जा करताना शिंगं लागणार नाहीत. लांबी ३० आणि दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर, ३२ फूट. जोड सोडून एक पत्रा ३ फूट ३ इंच झाकतो, म्हणून एका पाखाला १०, दोन्ही मिळून २०.

एक गोष्ट मनाशी पक्की ठरवली: पत्रा विकत घेण्याआधी आढ्याची उंची ठरवायची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज नुकसान झालं, आणि ते माझ्या हाताने. कैच्यांचं, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या पाईपाच्या त्रिकोणी सांगाड्यांचं, काम वेल्डिंगवाल्याकडे दिलं होतं. कागदावर मी कैची काढली, मधोमध उंची ३ लिहिली आणि तिरप्या पाईपाच्या शेजारी १० लिहिलं. मला आडवे १० म्हणायचे होते. पोराने तिरपा पाईप १० फुटांवर खूण करून खालच्या आडव्या पाईपाला जोडला. चूक त्याची नाही.

पहिली कैची आणून जोत्यावर आडवी ठेवली तर दोन्ही खांबांच्या खुणांपर्यंत पोचेना. कर्ण १०, उंची ३, तर पाया १०० वजा ९, ९१, मूळ ९.५४. दोन्ही बाजूंचे मिळून १९ फूट १ इंच. अकरा इंच कमी. आकडा इतका नेमका जुळला की चूक कुठे झाली हे विचारावंच लागलं नाही.

खूण हवी होती १०० अधिक ९, १०९ चं मूळ, १०.४४, म्हणजे १० फूट ५ इंच २ सूत, यावर. एकच कैची झाली होती हे नशीब. जोड कापून पुन्हा केली, मजुरी मी दिली. नवा कागद काढला, आडवं माप आडव्या रेघेखाली, तिरपं माप तिरप्या रेघेवर तिरपंच लिहिलं, आणि दोन्हींभोवती गोल केला. सगळ्या कैच्या एकाच मापाच्या येण्यासाठी पहिलीच जमिनीवर साचा म्हणून ठेवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

विहिरीपासून गोठ्यापर्यंत पाईपलाईन. बांधाने गेलं तर १६० फूट सरळ आणि मग वळून १२०. एकूण २८०. शेतातून तिरपं गेलं तर २००. पुतणीने क्षणात सांगितलं, ४० ची ३-४-५. वीस फुटांचे पाईप, चौदाऐवजी दहा. चार पाईप वाचतात.

नाना म्हणाले, "आणि नांगर लागला तर?"

तिरपी लाईन हरभऱ्याच्या वावरातून जाते. फाळ लागू नये म्हणून चांगली खोल पुरावी लागेल, आणि कुठे गळती झाली तर उभ्या पिकात खणावं लागेल. बांधाने उथळ चर पुरतो. बांधानेच नेली. पुतणी थोडी नाराज झाली. तिला म्हटलं, तुझं उत्तर बरोबरच आहे, चार पाईप कशासाठी खर्च केले ते आता आपल्याला नेमकं माहीत आहे.

२ मार्च, रविवार

पत्रे चढले. १२ फुटांची शिडी वापरली. पाय भिंतीपासून ३ फूट, म्हणजे वरचं टोक १४४ वजा ९, १३५ चं मूळ, ११ फूट ७ इंचांवर. उंचीच्या साधारण पावपट पाय बाहेर असला की शिडी ना घसरत ना मागे येत. पाय ५ फूट बाहेर ओढला तर टोक ११ फुटांच्याही खाली येतं आणि बूड सरकायला लागतं. जोत्यावर ३ फुटांची खूण विटेने मारून ठेवली, पोरं घाईत असतात.

फाटक १० बाय साडेचार. तिरपी पट्टी १० फूट ११ इंच ५ सूत. दोन्ही क्रॉस पुतणीने घेतले, मग पट्टी जोडली.

पत्र्यांच्या कडा खालून बघितल्या. पहिल्या पत्र्यापासून दहाव्यापर्यंत वळचण एका रेघेत. जोतं काटकोनात नसतं तर पत्रे शिडीच्या पायऱ्यांसारखे सरकत गेले असते आणि शेवटचा तिरपा कापावा लागला असता. एकही कापला नाही.

५ एप्रिल, शनिवार

रात्री अवकाळीची एक सर येऊन गेली. सकाळी वळचणीखाली मातीत थेंबांची रेघ पडली होती, टोकापासून टोकापर्यंत, पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीखाली एक खळगा. पुतणी टेप घेऊन गेली. खांबापासून १ फूट साडेसहा इंच. पाणी कडेवरून थोडं पुढे उडतं, तेवढं धरलं तर वळचण दीड फूट. पूर्वेकडच्या टोकालाही तेच आलं. गव्हाणीतला कडबा कोरडा होता. मिस्त्रींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, नवा गुण्या आणलाय, ओट्यावर उलटसुलट लावून बघितला, रेघ एकच पडते.